संप्रेरकांचा माग काढणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

बडनेरा किंवा अकोला स्थानकावर मुंबईची रात्रीची गाडी धरणाऱ्यांत तपासण्यांची जाडजूड फाईल छातीशी धरलेली माणसे हमखास दिसतात. त्यांना परळला, टाटा स्मारक रुग्णालयात जायचे असते. मुक्कामाला बहुधा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची ही वास्तू कर्करुग्णांचे हक्काचे घर झाली आहे. या प्रवाशांत स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियाही असतात. त्यांच्यापैकी अनेकींना शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्या जोडीने रोज घ्यायची एक लहानशी गोळी लिहून दिली जाते. ती गाठीला थेट मारत नाही. शरीरातील स्त्री-संप्रेरकाची गाठीपर्यंत जाणारी वाट ती अडवते.

स्त्रीच्या देहातले संप्रेरक आणि तिला होणारी गाठ यांचे नाते नेमके काय, हा प्रश्न परळच्या आवारात फार पूर्वी विचारला गेला होता. तो विचारणाऱ्या आणि त्यासाठी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे उंदरांच्या पिंजऱ्यांजवळ घालवणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. सर्व मुलांना, मुलींनाही, उत्तम शिक्षण द्यायचे हा त्यांचा निश्चय होता. हुजूरपागेत शालेय शिक्षण झाल्यावर कमल फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय त्यांनी निवडले आणि १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह केला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा आणि त्यांतील गुणसूत्रांचा. या अभ्यासात पतीचे मोठे साहाय्य त्यांना लाभले. विवाहानंतर चार वर्षांनी, संसार सांभाळून पदव्युत्तर पदवी मिळवणाऱ्या स्त्रिया त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांच्यामागे असा एखादा समजूतदार माणूस बहुधा असेच.

सीताफळाच्या पेशींपासून कर्करोगाच्या पेशींपर्यंतचे अंतर वाटते तितके मोठे नाही. गुणसूत्रे मोजणारी, पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखणारी नजर दोन्हीकडे एकच लागते. विवाहानंतर रणदिवे दांपत्य मुंबईत आले होते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि तेथील विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती होती. खानोलकर मूळचे विकृतिशास्त्रज्ञ. पण रोग झाल्यावर त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसण्यात समाधान मानणाऱ्यांतले ते नव्हते. रोग होतो कसा, हे पाहण्यासाठी तो होण्याआधीपासून त्याच्या मागावर राहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. माणसाच्या बाबतीत हे शक्य नसते, उंदराच्या बाबतीत असते. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन सुरू केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

या संशोधनाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी तेव्हाचे चित्र थोडे विस्ताराने पाहावे लागेल. स्तनाच्या कर्करोगाचा अंडाशयाशी संबंध असावा, ही शंका जुनी. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच रोग बळावलेल्या स्त्रियांची अंडाशये काढून गाठी मागे हटतात असे दाखवले होते. तेव्हा संप्रेरक हा शब्दही रूढ नव्हता. १९१६ मध्ये अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप आणि लिओ लोब यांनी उंदरांच्या माद्यांची अंडाशये काढल्यास त्यांना स्तनाची अर्बुदे कमी होतात, हे नोंदवले. यांतल्या लॅथ्रॉपबाई शिक्षणाने शास्त्रज्ञ नव्हत्या. हौसेखातर उंदीर पाळून विकणाऱ्या त्या बाईंच्या पिंजऱ्यांतूनच आजच्या अनेक प्रयोगशालेय जातींचा वंश सुरू होतो. १९३२ मध्ये पॅरिसला आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून चक्क नरांमध्ये स्तनाचा कर्करोग निर्माण केला. संप्रेरकाचा हात उघड झाला. आणि १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी सगळा डाव उलटवला. कर्करोगप्रवण जातीची पिले जन्मताच निरोगी जातीच्या मादीला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांना कर्करोग फार कमी होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी पिलांत उतरत होते. ते काहीतरी पुढे विषाणू ठरले.

आता तीन आरोपी झाले: वंश, विषाणू आणि संप्रेरक. यांतला खरा कोण?

कमल रणदिवे यांनी प्रश्न असा एकेरी मांडला नाही. कर्करोगाला कमीअधिक प्रवण असलेल्या उंदरांच्या निरनिराळ्या जाती त्यांनी घेतल्या आणि रोग होण्याआधीच्या, निरोगी स्तनग्रंथींचीच तुलना केली. गाठ दिसण्याआधी ग्रंथीची ठेवण वेगळी असते का, वयात येताना, माजाच्या चक्रात, गर्भारपणात ती कशी वाढते, हे पाहण्याचे ते काम होते. प्रयोगासाठीची जात म्हणजे सख्ख्या भावंडांचा संयोग सलग वीस पिढ्या करून मिळवलेला जवळजवळ एकरूप वंश. एका पिंजऱ्याची चूक झाली, एक मादी भलत्या नरापाशी गेली, तर वर्षांची मेहनत वाया. अशा अभ्यासात ग्रंथी अख्खी सोडवून काचेवर पसरायची, रंगवायची, आणि मग तिच्या नळ्या-फांद्यांचे जाळे एखाद्या निष्पर्ण झाडासारखे नजरेसमोर येते. वनस्पतिशास्त्रातून आलेल्या संशोधिकेला हे चित्र अपरिचित वाटले नसावे.

जातीजातींतला फरक बोलका होता. ए नावाच्या जातीत पिले झालेल्या माद्यांना अर्बुदे भरपूर होतात, पण पिले न झालेल्या माद्यांना क्वचितच. सी-३-एच जातीत मात्र पिले न झालेल्या माद्याही मोठ्या संख्येने रोगाला बळी पडतात. दोन्ही जातींत दुधातला विषाणू आहे. मग फरक कशाचा? गर्भारपणातील संप्रेरकांची लाट एका जातीत रोगाला आवश्यक असते, तर दुसरीत रोजच्या चक्रातली संप्रेरकेही पुरतात. म्हणजे विषाणू एकटा काही करत नाही. संप्रेरक ग्रंथी वाढवते, वंश त्या वाढीला किती प्रतिसाद द्यायचा ते ठरवतो, आणि विषाणू त्या वाढत्या पेशींत आपले काम साधतो. संप्रेरके, अर्बुदाचे विषाणू आणि रोगप्रवणता यांचे हे परस्परावलंबन उलगडणे हा रणदिवे यांच्या आयुष्यभराच्या कामाचा कणा ठरला. पुढे १९८०च्या दशकात त्या विषाणूच्या जनुकीय साखळीतच संप्रेरकाच्या संदेशाने जागा होणारा एक तुकडा सापडला, तेव्हा या नात्याचा रेणूच्या पातळीवरचा पुरावाही मिळाला.

डॉक्टरेटनंतर त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. हीच ती प्रयोगशाळा, जेथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी अमर ठरल्या. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी त्याच.

मायदेशी परतल्यावर त्या परळच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी झाल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले हे केंद्र पुढे १९६६ मध्ये रुग्णालयासह टाटा स्मारक केंद्र या एकाच छत्राखाली आले. तेथे रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ती या प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. उभारली हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा. पेशींना लागणारे पोषक द्रव आयात करायचे म्हणजे परकीय चलन, परवाने आणि महिनोन्‌महिन्यांची प्रतीक्षा. १९६०च्या दशकाच्या आरंभी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी ही द्रव्ये केंद्रातच बनवायला घेतली. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र हे नवे विभाग त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे प्रभारी संचालकपद त्यांनी सांभाळले. चार वर्षे प्रभारी! केंद्राने स्वतःची उंदरांची जातही जोपासली होती. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आयसीआरसी हे नाव मिळाले. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण तिच्या माद्यांत मोठे होते.

उंदरांवरून स्त्रियांविषयी किती बोलावे, हा प्रश्न मात्र कायम होता. त्यातला धोका मुंबईतच एकदा समोर येऊन उभा राहिला. मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे टाटा रुग्णालयाच्या नोंदींवरून दिसत होते. १९७१ मध्ये डॅन मूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने मुंबईतील वैद्यकांच्या सहकार्याने पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले आणि उंदरांच्या विषाणूसारखे कण त्यांत अधिक आढळतात, असे नेचर या नियतकालिकात जाहीर केले. बातमी खळबळजनक होती. उंदराच्या बाबतीत दूध रोग वाहते हे सिद्ध झालेलेच होते. मग स्त्रियांनी आपल्या लेकींना अंगावर पाजावे की नाही, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. पुढील तपासण्यांत त्या कणांचा आणि रोगाचा संबंध टिकला नाही. उलट घडले ते असे: तीस देशांतील पाहण्या एकत्र करून २००२ मध्ये लॅन्सेटने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, स्त्रीने स्तनपानाचे दर बारा महिने केले की तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी, आणि प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. उंदराच्या मादीला गर्भारपण रोगाकडे ढकलते, तर स्त्रीला कमी वयातले गर्भारपण दीर्घकाळात संरक्षण देते. संप्रेरके तीच, परिणाम उलटा. दुधाची भीती एकदा घरोघर पोहोचली असती, तर ती काढायला किती पिढ्या लागल्या असत्या कोण जाणे.

म्हणूनच रणदिवे यांनी एकाच प्राण्यावर भिस्त ठेवली नाही. रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग यांसाठी त्यांनी निरनिराळी प्राणी-प्रारूपे वापरली आणि जोडीला पेशींचे संवर्धन चालू ठेवले. एका साधनाने दाखवलेले दुसऱ्याने तपासायचे.

प्राण्यांवरचे संप्रेरकांचे प्रयोग उपचारांपर्यंत पोहोचले ते अशा फेरतपासणीतूनच. टॅमॉक्सिफेन हे औषध इंग्लंडमध्ये मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधले जात होते. उंदीर-घुशींच्या कुळातील माद्यांत ते गर्भ रोखत होते; स्त्रियांत त्याने उलट अंडमोचनालाच चालना दिली. गर्भनिरोधक म्हणून ते बाद झाले आणि १९७१ मध्ये मँचेस्टरच्या कर्करोग रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगावर यशस्वी ठरले. आपल्याकडे लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच धाटणीचे सेंटक्रोमन विकसित केले. १९९१ मध्ये ते सहेली या नावाने बाजारात आले, आणि २०१६ पासून छाया या नावाने ते सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात दाखल झाले. वऱ्हाडातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्याची गोळी म्हणून ते आशाताईंच्या परिचयाचे आहे.

याच घराण्यातला दुसरा आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर रुजते आणि दर महिन्याच्या संप्रेरकांच्या तालावर सुजते, रक्ताळते. पाळीतील असह्य वेदना आणि मूल न होणे ही त्याची दोन मुख्य लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पुनरुत्पादनक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. आपल्याकडे मात्र पाळीत दुखायचेच असे सांगून मुलीला गप्प बसवले जाते आणि फारच झाले तर चाळिशीच्या आत पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. एंडोमेट्रिओसिस हा रणदिवे यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. पण त्यावरील संशोधन ज्या वाटेने गेले ती वाट त्यांच्याच पद्धतीची आहे.

मासिक रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाऊन ही ऊती तेथे रुजत असावी, असा सिद्धांत अमेरिकेतील जॉन सॅम्प्सन यांनी १९२०च्या दशकात मांडला. १९५०च्या सुमारास टे लिंड आणि स्कॉट यांनी मकाक माकडिणींच्या गर्भाशयाचे तोंड पोटात वळवून तो पडताळला. काहींना खरोखरच आजार झाला. माकडे महाग, आणि अशा प्रयोगांचे नैतिक ओझेही मोठे. उंदरांना तर पाळीच येत नाही, त्यामुळे हा आजार त्यांना आपोआप होत नाही. १९८५ मध्ये व्हर्नन आणि विल्सन यांनी त्यावर तोड काढली. मोठ्या उंदराच्या मादीच्याच गर्भाशयाचे छोटे तुकडे तिच्या आतड्याच्या पडद्यावर शिवले. ते रुजले, त्यांचे द्रवाने भरलेले फोड झाले. अंडाशये काढली की ते आक्रसत, इस्ट्रोजेन दिले की पुन्हा वाढत. बीटसन यांनी ग्लासगोत पाहिलेलेच जणू दुसऱ्या अवयवात दिसले.

या प्रारूपांवर प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे, मेंदूतून अंडाशयाला जाणारा संदेश थोपवणारी इंजेक्शने आणि इस्ट्रोजेनची निर्मितीच रोखणारे पदार्थ तपासले गेले. त्याआधी १९७०च्या दशकात डॅनाझॉल हे औषध या आजारावर आले होते. त्याने वेदना कमी होत. पण वजन वाढे, ओठांवर लव येई, आवाज घोगरा होई, आणि हा बदल काही जणींत कायमचा राही. पिंजऱ्यातली मादी आपला आवाज बदलल्याचे सांगू शकत नाही. तिच्या पोटातील फोड किती मिलिमीटरने लहान झाला हे मोजता येते. तिला किती दुखते, हे ताडणे अतिशय अवघड असते. ज्या आजाराचे पहिले लक्षणच वेदना आहे, त्याच्यासाठी ही उणीव लहान नाही. फोड लहान करणारी कित्येक औषधे प्राण्यांत उत्तम ठरली आणि स्त्रियांपर्यंत येईतो निष्प्रभ झाली, याचे एक कारण हेच आहे.

कमल रणदिवे यांच्या प्रयोगशाळेतील आणखी एक काम वऱ्हाडातील वाचकाला थेट भिडणारे आहे. १९७६ आणि १९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सुपारी, तंबाखू आणि विड्यातील घटकांच्या कर्कजनकत्वावरील प्रयोग आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यासाठी उंदरांबरोबर हॅमस्टर हा प्राणी घेतला होता, कारण त्याच्या गालात अन्न साठवण्याची पिशवी असते आणि खर्रा दाढेत धरून ठेवणाऱ्या माणसाची नक्कल त्या पिशवीत करता येते. तंबाखू वाईट हे सर्वांना मान्य होते. सुपारीकडे मात्र पूजेतली, पाहुणचारातली निरुपद्रवी वस्तू म्हणून पाहिले जाई. अशा प्रयोगांची आणि रुग्णांच्या पाहण्यांची भर पडत जाऊन २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही मानवातील कर्कजनक पदार्थ ठरवण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळच्या पानठेल्यांवर तंबाखू-सुपारी घोटण्याचे काम त्यानंतरही थांबलेले नाही.

कुष्ठरोगाशीही त्यांचा संबंध आला. रुग्णांच्या शरीरातून मिळवलेले जीवाणू संवर्धित पेशींच्या साहाय्याने प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम १९५०च्या दशकात खानोलकर, रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. या आयसीआरसी जीवाणूपासून केंद्रात पुढे लस तयार झाली. दक्षिण भारतात घेतलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. तोवर बहुविध औषधोपचारांनी रोग झपाट्याने ओसरू लागला होता आणि लसीची गरज मागे पडली. अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये उभारलेली वसाहत ज्या काळात रुग्णांना माणूस म्हणून जगायला जागा देत होती, त्याच काळातले हे काम आहे. प्रयोगशाळा आणि आश्रम या दोहोंची गाठ फारशी पडली नाही, ही हळहळण्याजोगी गोष्ट.

मानसन्मान मिळत गेले. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार. १९८२ मध्ये पद्मभूषण. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

याहून वेगळ्या प्रकारचे एक काम १९७३ मध्ये सुरू झाले. प्रयोगशाळांत स्त्रिया येऊ लागल्या होत्या, पण मूल झाले की बऱ्याच जणी नाहीशा होत. संशोधन असे मध्येच सोडून परत धरता येत नाही; पेशींचे संवर्धन रविवार पाळत नाही. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. व्याख्याने आणि चर्चासत्रे तर झालीच. पण वाशीच्या मुख्यालयात नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर उभे राहिले. प्रश्नाचे मूळ त्यांना नेमके माहीत होते, असेच यावरून म्हणावे लागेल. संघटनेच्या शाखा पुढे देशभर निघाल्या. विदर्भात नागपूरप्रमाणे अमरावतीतही तिची शाखा निघाली.

निवृत्तीनंतरच्या कामासंदर्भात एक खुलासा आवश्यक आहे. त्यांच्या इंग्रजी चरित्रात्मक टिपणांत त्यांनी अकोला तालुक्यात काम केल्याचे वाचून वऱ्हाडातील वाचकाचे कान टवकारतात. ते अकोला आपले नव्हे. ते नगर जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या कुशीतले अकोले. त्या तालुक्यात राजूर येथे सत्यनिकेतन ही संस्था आहे. तिच्या सहकार्याने रणदिवे यांनी महादेव कोळी व ठाकर वस्त्यांच्या या परिसरात बालकांच्या कुपोषणाची माहिती गोळा केली, स्त्रियांच्या आरोग्याचे कार्यक्रम राबवले. आदिवासी अर्भकांच्या रक्ताचा, त्यातील प्रतिकारशक्तीचा अभ्यासही त्यांनी हाती घेतला होता. शुद्ध वंशाचे, मोजून खाणे मिळणारे उंदीर आयुष्यभर हाताळलेल्या शास्त्रज्ञासमोर आता अशी बालके होती, ज्यांच्या खाण्याचे माप कोणीच ठेवलेले नव्हते. मेळघाटातील कुपोषणाच्या बातम्यांनी १९९०च्या दशकात महाराष्ट्र हादरला. त्यावेळी धारणी-चिखलदऱ्यासाठी ज्या प्रकारच्या नोंदींचा आग्रह धरला गेला, तशा नोंदी ठेवण्याचा हा प्रयत्न होता.

११ एप्रिल २००१ रोजी डॉ. कमल रणदिवे यांचे निधन झाले. पुढे ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जन्मदिनी गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले आणि परळबाहेर फारसे ठाऊक नसलेले हे नाव दिवसभर लाखो भ्रमणध्वनींवर दिसले.

त्यांच्या निधनानंतर सव्वा वर्षाने, जुलै २००२ मध्ये, अमेरिकेत १६ हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेली एक चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पाळी गेलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसदृश औषध एकत्र दिल्याने स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले होते. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना इस्ट्रोजेन एकटेच दिले होते, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. दोन संप्रेरकांतले कोणते, किती आणि कोणत्या वयात घातक ठरते, याचा शोध आजही प्राण्यांत आणि स्त्रियांत समांतर चालू आहे.